वाळू खाल्लेली इंजिनं आणि लोहगावची लिबरेटर

नाना पेठेत इंजिनं रिबोअर करणाऱ्या एका दुकानात मागे तासभर बसून होतो. मित्राच्या जुन्या जीपचं इंजिन खोललं होतं. मिस्त्रींनी क्रँकशाफ्ट डिझेलने धुतला, फडक्याने कोरडा केला आणि बेअरिंग बसतं त्या चकचकीत भागावरून अंगठ्याचं नख आडवं फिरवलं. "नखाला लागतंय बघा." मीही फिरवलं. लागत होतं, पण डोळ्यांना काही दिसेना. "तेलातून कचरा गेलाय," एवढं बोलून त्यांनी मायक्रोमीटर उचलला.

नकळत गेलेल्या कचऱ्याने ही गत, तर इंजिनात कोणी मुद्दाम वाळू ओतली तर?

कानपूरला तसं झालं होतं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने ब्रिटनला उसनवारीवर जी विमानं दिली, त्यांत चार इंजिनांची बी-२४ लिबरेटर ही बाँबफेकी विमानं होती. युद्ध संपल्यावर ती परत करायची किंवा निकामी करायची, असा करार होता. एवढी विमानं परत न्यायची कोणाला हौस होती? चकेरीच्या तळावर ती रांगेने उभी करून मोडतोड झाली. कुठे उपकरणं फोडली, कुठे अंगाला भोकं पाडली, कुठे इंजिनांत वाळू टाकली.

लिबरेटरचं इंजिन म्हणजे प्रॅट अँड व्हिटनीचं आर-१८३०. आकडा घन इंचांचा, म्हणजे आपल्या हिशेबात ३० लिटर. आपल्याकडच्या छोट्या मोटारीचं इंजिन एक-सव्वा लिटरचं असतं, त्यावरून अंदाज करा. सात-सात सिलिंडरच्या दोन चकत्या, ताकद सुमारे १२०० अश्वशक्ती. प्रत्येक चकतीत एकच मुख्य कनेक्टिंग रॉड असतो आणि उरलेले सहा त्याच्याच बुडाला जोडलेले. म्हणजे सात पिस्टनांचा दणका एका बेअरिंगवर. तो सोसायला तिथे काय वापरत, तर चांदी! पोलादी कवचावर चांदीचा थर, त्यावर शिशाचा आणि सगळ्यात वर इंडियम धातूचा पातळ मुलामा. चांदी भार आणि उष्णता झेलते, मऊ शिसं शाफ्टशी जुळवून घेतं आणि तापलेल्या तेलात तयार होणाऱ्या आम्लांपासून इंडियम शिशाला वाचवतं. सराफाने कौतुक करावं असा दागिना, पण राहायचा इंजिनाच्या पोटात.

शाफ्ट आणि बेअरिंग यांच्यातली फट साधारण केसाच्या जाडीची असते. तेल तिथे दाबाने शिरतं आणि फिरता शाफ्ट तेलाच्या पडद्यावर तरंगतो. धातूला धातू टेकतच नाही. बारीकसा कण आला तर मऊ थर त्याला पोटात घेतो. वाळूचं तसं नाही. वाळू म्हणजे मुख्यतः क्वार्ट्झ. कठीणपणाच्या मोस मापात त्याचा नंबर सात, साध्या पोलादाच्याही वर. मोठा कण फटीत मावत नाही. तो भरडला जातो, त्याचे तुकडे मऊ थरात रुततात आणि बेअरिंगचा पॉलिश पेपर होतो. शाफ्टमधून तेलासाठी पाडलेल्या वाटांमध्ये जी वाळू दडते, ती आणखी वाईट. वरवर धुऊन ती निघत नाही. इंजिन शेवटच्या नटापर्यंत खोलायचं, हाच इलाज.

आणि खोलायचं म्हणजे काय, हे बंगळूरला माहीत होतं. आपल्या इंदापूर तालुक्यातलं वालचंदनगर ज्यांच्या नावाचं, त्या वालचंद हिराचंद यांनी तिथे डिसेंबर १९४० मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी काढली. काढली विमानं बांधायला, पण युद्धाला नव्या विमानांपेक्षा दुरुस्तीची निकड जास्त होती. ब्रह्मदेशच्या आघाडीवरचं विमान ओव्हरहॉलसाठी बोटीने अमेरिकेला धाडून कसं चालेल? १९४३ मध्ये कारखाना अमेरिकी हवाई दलाकडे गेला आणि त्याचा ८४वा एअर डेपो झाला. पाण्यावर उतरणारी कॅटालिना विमानं बेळ्ळंदूर तलावात उतरत आणि तिथून दुरुस्तीला येत. पुरी दोन वर्षं हाच रगाडा. विमान बांधणं दूरच राहिलं, म्हणून तेव्हा कोणी हळहळलंही असेल. मला मात्र वाटतं, खरी शाळा तीच होती. नवं विमान जोडणाऱ्याला भाग कसा असावा एवढं कळतं. ओव्हरहॉल करणाऱ्याला तो कसा झिजतो, कुठे तडकतो, हेही कळतं. त्या काळच्या ओव्हरहॉलमध्ये शाफ्टला चुंबकत्व देऊन त्यावर लोहकण मिसळलेलं तेल सोडत. कण जिथे रेघ धरून जमतील तिथे तडा. मिस्त्रींच्या नखाचाच हा थोरला भाऊ.

१९४८ मध्ये याच कंपनीची माणसं कानपूरच्या त्या भंगारापाशी पोहोचली. जागेवर डागडुजी अशी करायची की विमान एकदा उडेल. पुढचं सगळं बंगळूरला. मधलं अंतर हवेतून सुमारे दीड हजार किलोमीटर. कंपनीचे वैमानिक जमशेद मुन्शी यांनी अशी चाळीसहून अधिक विमानं तिकडे नेली. एकदा उडेल एवढ्याच बेताने सांधलेलं विमान, आणि तेही पुन्हा पुन्हा!

पुण्याचा संबंध इथे येतो. १९५१ मध्ये हवाई दलाची सहा नंबरची स्क्वाड्रन पुण्यात, लोहगावच्या विमानतळावर पुन्हा उभी राहिली, ती याच लिबरेटरवर. काम समुद्रावर गस्त घालण्याचं. नदीला पूर आला की पुलावर गर्दी करणाऱ्या गावाकडे समुद्राची राखण, ही गंमतच. पण चार इंजिनांच्या, लांब पल्ल्याच्या विमानाला सह्याद्री ओलांडायला कितीसा वेळ लागतो? निकामी म्हणून टाकून दिलेली ही विमानं भारतात १९६८ पर्यंत सेवेत होती. जगात इतरत्र लिबरेटर तोवर लष्करी सेवेतून गेलेलं होतं.

मग संग्रहालयांची मागणी आली. एक विमान १९६९ मध्ये अमेरिकेत ॲरिझोनाला गेलं. दुसरं ब्रिटनच्या रॉयल एअर फोर्सच्या संग्रहालयाला भेट मिळालं. युद्धात ते त्यांचंच होतं. १९७४ मध्ये ते इंग्लंडला पोहोचलं, भारतातून स्वतःच्या चार इंजिनांवर उडत.