जीवाणूंचे संपुट

काही जीवाणूंच्या पेशीभित्तीबाहेर घट्ट बसलेले बुळबुळीत आवरण. ते बहुधा बहुशर्करांचे (साखरेच्या रेणूंच्या लांब साखळ्यांचे) असते व त्यात बराचसा भाग पाण्याचाच असतो. काळपुळीच्या (अँथ्रॅक्सच्या) जीवाणूचे संपुट मात्र ग्लुटामिक या अमिनो अम्लाच्या साखळ्यांचे असते. हेच आवरण सैल असले तर त्याला चिकट थर म्हणतात. तोडलेला ऊस कारखान्यात उशिरा पोचला की ल्युकोनॉस्टॉक जीवाणू रसात डेक्स्ट्रान या बहुशर्करेची अशी बुळबुळ तयार करतात. रस दाटतो, गाळण्या तुंबतात, उतारा घटतो.

साध्या रंजकांनी संपुट सहसा रंगत नाही. म्हणून नमुना काळ्या शाईत कालवतात. शाईचे कण संपुटात शिरत नाहीत आणि काळ्या पार्श्वभूमीवर पेशीभोवती स्वच्छ कडे दिसते.

जगण्यासाठी संपुट लागतेच असे नाही. प्रयोगशाळेत ते गमावलेले जीवाणू खुशाल वाढतात. शरीरात मात्र पांढऱ्या पेशी त्यांना सहज गिळतात, कारण हा निसरडा पडदा आड येत नाही. न्यूमोनियाच्या न्यूमोकॉकस जीवाणूत हा फरक ठळक आहे. 1928 मध्ये ब्रिटिश जीवाणुशास्त्रज्ञ फ्रेडरिक ग्रिफिथ यांनी उष्णतेने मारलेले संपुटधारी आणि जिवंत पण संपुटहीन न्यूमोकॉकस एकत्र करून उंदरांना टोचले. उंदीर मेले आणि त्यांच्या रक्तात जिवंत संपुटधारी जीवाणू सापडले. मृतांकडून जिवंतांकडे गेलेला हा गुण डीएनएमुळे आला, हे एव्हरी, मॅक्लिऑड व मॅकार्टी यांनी 1944 मध्ये दाखवले. आनुवंशिकतेचे रासायनिक द्रव्य हाती लागले ते अशा आवरणाच्या पाठलागातून, हे सहसा विसरले जाते.

संपुट हे जीवाणूचे चिलखत, पण रोगप्रतिकारासाठी तीच त्याची ओळखही ठरते. न्यूमोकॉकसची सुमारे शंभर संपुटरूपे माहीत आहेत. एकावरची प्रतिपिंडे (अँटीबॉडी) दुसऱ्यावर बहुधा चालत नाहीत, म्हणून लशीत अनेक रूपे घालावी लागतात. शिवाय दोन वर्षांखालील मुलांचे शरीर नुसत्या बहुशर्करेला नीट प्रतिसाद देत नाही. ती प्रथिनाला जोडली की देते. अशा संयुग्मी लशींत पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची दहा रूपांवरील न्यूमोसिल मोडते. लशीत नसलेली रूपे पुढे रिकाम्या जागेत पसरतात, त्यामुळे नव्या लशींतील रूपांची संख्या वाढत चालली आहे.