कायमचा तंबू : मसाई मारामधल्या कॅम्पची पार्श्वभूमी

केनियातल्या मसाई मारा या वन्यप्राण्यांच्या राखीव क्षेत्रात राहण्याची चौकशी करताना ‘पर्मनंट टेंटेड कॅम्प’ हे शब्द हमखास भेटतात. तंबू, आणि तोही कायमचा. हे दोन शब्द एकत्र कसे आले हे कळलं, की तिथले भाव, न्हाणीतलं पाणी आणि सध्याचे वाद यांचा बराच उलगडा होतो.

सुरुवातीचा काळ थोडक्यात. ‘सफारी’ हा स्वाहिली शब्द अरबीतून आलेला, आपल्या ‘सफर’चा सख्खा भाऊ, अर्थ नुसता प्रवास. मोंबासाहून निघालेली रेल्वे १९०१ मध्ये व्हिक्टोरिया सरोवराला पोचली आणि नैरोबीहून शिकाऱ्यांचे तांडे निघू लागले. सामान हमालांच्या डोक्यावर, प्रत्येकी साधारण ६० पौंड, म्हणजे २७ किलो. तंबू, खांब, कॅनव्हासचं घडीचं टब, सगळ्याच्या गाठी त्या हिशेबाने बांधलेल्या. लॉरी आल्यावर कापड जाड झालं, छत उंच झालं, पण मांडणी तीच राहिली: पुढे पडवी, मध्ये खाट, मागे न्हाणी आणि वर वीतभर अंतर सोडून दुसरं छत. ऊन त्या वरच्या कापडावर अडतं आणि मधल्या फटीतून वारा खेळतो. दोऱ्या सैल पडून दोन्ही कापडं चिकटली, की पाऊस आत झिरपतो. नवा सुती कॅनव्हास शिवणींतून गळतोच. एकदोनदा भिजून वाळला की धागे फुगून भोकं बुजतात. म्हणून जाणते कॅम्पवाले नवा तंबू हंगामाआधीच मुद्दाम भिजवून घेतात.

मारामध्ये कायमच्या तंबूंचा पहिला कॅम्प १९७२ मध्ये मारा नदीकाठी उभा राहिला. मे १९७७ मध्ये केनियाने शिकारीवर बंदी घातली आणि शिकाऱ्यांचे कॅम्प फोटोवाल्यांचे झाले, अशी गोष्ट सर्रास सांगितली जाते. ती अर्धीच खरी. पर्यटकांचा तंबू बंदीच्या पाच वर्षं आधीच ठाण मांडून बसला होता. बंदीमुळे मिळाली ती तयार माणसं: चुलीवर पाव भाजणारे आचारी, माग काढणारे, तासाभरात तंबू ठोकणारे. त्याहून मोठा धक्का त्याच वर्षी फेब्रुवारीत बसला होता. टांझानियाने सीमा बंद केली. सीमा १९८३ मध्ये पुन्हा उघडली, पण नैरोबीहून मारामार्गे टांझानियातल्या सेरेंगेटीला जाणारी वाट पर्यटकांसाठी बंदच राहिली आणि जाता जाता मुक्काम करायचं मारा हेच प्रवासाचं शेवटचं ठिकाण झालं. तिथल्या खाटा वाढल्या त्या यामुळे, असं आमचं मत.

आता ‘कायमचा’ हा शब्द. तंबू काढला की जागा पूर्ववत होते, या भरवशावर दगडी लॉजपेक्षा तंबू नेहमीच निरुपद्रवी मानला गेला. प्रत्यक्षात पहिली काही वर्षं सरली की तंबूखाली सिमेंटचा चौथरा येतो, मागे विटांची न्हाणी, मग सेप्टिक टँक, मग भिंतीएवढ्या काचा. कापड उरतं ते छतापुरतं. मारामधली बरीच माती काळी आहे. तिथेही तिला ‘ब्लॅक कॉटन’च म्हणतात, कापूस पिकत नसला तरी. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकाला तिचा स्वभाव सांगायला नको. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, आणि वरचा चौथरा तडकतो. ओल्या मातीत शोषखड्डा पाणी पीत नाही, सांडपाणी वर येतं. म्हणून नवे कॅम्प खांबांवर लाकडी फळ्यांचा मजला घालतात. तो दिसायला छान असतो हे खरं, पण मूळ कारण माती.

व्यवहारात तीन प्रकार ओळखावेत. फिरता कॅम्प काही रात्रींपुरता: न्हाणीत झाडाला किंवा खांबाला टांगलेली २० लिटरची बादली, पाणी शेकोटीवर तापवलेलं, ‘माजी मोटो’ (गरम पाणी) मागितलं की माणूस आणून भरतो. अंग भिजवा, साखळी ओढून पाणी बंद करा, साबण लावा, मग उरलेलं वापरा. केस धुवायचे तर दुसरी बादली आधीच सांगून ठेवावी. हंगामी कॅम्प स्थलांतर करणाऱ्या प्राण्यांमागे जागा बदलतो: सेरेंगेटीत डिसेंबर ते मार्च दक्षिणेला न्दुतूजवळ, जुलै ते ऑक्टोबर उत्तरेला मारा नदीकडे. कायमच्या कॅम्पात नळ आणि सौर वीज असते, पण बॅटऱ्यांवर केस वाळवायचं यंत्र चालवू नये, अख्ख्या कॅम्पची वीज जाते. कुंपण बहुधा कुठेच नसतं. अंधार पडला की पाणघोडे चरायला काठावर येतात, म्हणून आस्कारीशिवाय, म्हणजे पहारेकऱ्याशिवाय, तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही. (हा आस्कारी म्हणजे आपल्या ‘लष्कर’चा लांबचा नातेवाईक.) दिवसा झिप पूर्ण ओढून घ्यावी, दोन बोटांची फट माकडाला पुरते.

कॅम्प किती निरुपद्रवी हे कापडावरून ठरेना, ते २००५ नंतर तंबूंच्या संख्येवरून ठरू लागलं. राखीव क्षेत्राच्या उत्तरेकडच्या मसाई जमीनमालकांनी आपापले तुकडे एकत्र करून कॅम्पांना भाड्याने दिले, ही कॉन्झर्व्हन्सी. खाटा भरोत न भरोत, जमिनीचं भाडं ठरलेलं. काही ठिकाणी नियम ७०० एकरांमागे एक तंबू, नाबोइशो या कॉन्झर्व्हन्सीत ३५० एकरांमागे एक. रात्रीची फेरी आणि पायी भटकंती इथे चालते, राखीव क्षेत्रात नाही. दर जास्त असतो तो या रिकाम्या एकरांचा. मात्र गुरं कुठे आणि कधी चरायची यावरून तिथे कुरबुर आहे, आणि २०२० मध्ये पाहुणे यायचे थांबले तेव्हा भाडं देणंही जड गेलं.

राखीव क्षेत्रात २०२४ पासून परदेशी प्रौढाला जानेवारी ते जून दिवसाला १०० डॉलर, जुलै ते डिसेंबर २०० डॉलर. तिकीट सकाळी सहा ते संध्याकाळी सहा. फाटकाबाहेरचा स्वस्त कॅम्प घेतला तरी हे पैसे वेगळे मोजावे लागतात.

ऑगस्ट २०२५ मध्ये सँड नदीकाठी उघडलेल्या एका आलिशान कॅम्पविरुद्ध कोर्टात दावा गेला. विल्डबीस्टची, म्हणजे कळपाने स्थलांतर करणाऱ्या हरणांची, केनिया-टांझानियामधली वाट अडते, ही तक्रार होती. जागा त्या वाटेवर येत नाही आणि परवानग्या रीतसर आहेत, हे दुसऱ्या बाजूचं म्हणणं होतं. तिथल्या वीसही खोल्यांना तंबूच म्हणतात. प्रत्येकीला स्वतःचा डुंबायचा हौद आहे.