सार्वजनिक सुट्टी म्हणजे नक्की कुणाची सुट्टी? थोडी पार्श्वभूमी

वर्ष संपत आलं की मंत्रालयातून पुढच्या वर्षाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी निघते, अलीकडे ती 24 सुट्ट्यांची असते, आणि तासाभरात ती पीडीएफ सगळ्या ग्रुपवर फिरायला लागते. मग नेहमीचं सुरू, कुठल्या सुट्ट्या रविवारी वाया गेल्या, लाँग वीकेंड किती, आणि अमक्या जयंतीची सुट्टी कशी काय नाही. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही सोसायटीत बघा, बँकेतले आणि झेडपीतले लोक यादी बघून तिकिटं काढायला लागतात, ऐरोलीच्या आयटी पार्कात जाणारे म्हणतात आमच्या एचआरच्या यादीत यातल्या दहाबारा, आणि वागळे इस्टेटमध्ये कंत्राटावर असलेला माणूस ती पीडीएफ उघडतच नाही, कारण त्याच्या हिशोबात सुट्टी म्हणजे खाडा, त्या दिवसाचा पगार गेला.

तर सुट्ट्या वाढवाव्यात की नको हा वाद चालू राहील, पण आधी ही यादी येते कुठून ते बघूया, कारण ती कामगार कायद्यातून येतच नाही. ती येते चेक आणि हुंडीच्या कायद्यातून.

1881 साली इंग्रज सरकारने दोन कायदे केले. एक निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स अ‍ॅक्ट, ज्याला सरकारी मराठीत परक्राम्य संलेख अधिनियम म्हणतात, चेक बाउन्स झाला की ज्याचं कलम 138 लागतं तोच. त्याच्या कलम 25 मध्ये आलं की एखादी हुंडी किंवा वचनचिठ्ठी सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी देय होत असेल तर ती आधीच्या कामकाजाच्या दिवशी देय धरायची. आता सार्वजनिक सुट्टी कशाला म्हणायचं ते सांगणं भाग होतं, म्हणून लिहिलं की रविवार, नववर्षाचा पहिला दिवस, नाताळ, गुड फ्रायडे आणि सरकार राजपत्रात जाहीर करेल तो दिवस. गंमत म्हणजे नववर्ष किंवा नाताळ रविवारी आला तर पुढचा सोमवार सुट्टीचा, हेही तिथेच लिहिलेलं होतं. आज आपण रविवारी गेलेल्या सुट्टीबद्दल हळहळतो ना, साहेबांनी स्वतःच्या सणांपुरती ती सोय आधीच करून ठेवली होती. 1955 च्या दुरुस्तीने ही नावं काढली आणि उरलं ते फक्त रविवार आणि सरकार जाहीर करेल तो दिवस. मग जाहीर करायचा अधिकार केंद्राने राज्यांकडे सोपवला, आणि आजही महाराष्ट्राच्या सुट्ट्यांच्या अधिसूचनेत पहिल्याच परिच्छेदात याच कलम 25 चा उल्लेख असतो.

त्याच साली आलेला दुसरा कायदा म्हणजे देशातला पहिला फॅक्टरी अ‍ॅक्ट. त्यात सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावायची बंदी, सात ते बारा वयाच्या मुलांना नऊ तास काम आणि महिन्यातून चार सुट्ट्या. मोठ्या माणसांना काय, तर काही नाही! म्हणजे हुंडीला रविवारची सुट्टी 1881 मध्ये कायद्याने मिळाली आणि गिरणीतल्या माणसाला नाही मिळाली. गिरण्या तेव्हा उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत चालायच्या, सणाला बंद राहायच्या ते वर्षातले मोजके दिवस, आणि रविवारी यंत्रं थांबली तरी ती साफ करायला कामगारांना अर्धा दिवस बोलवायचे.

इथे आपल्या ठाण्याचा माणूस येतो. नारायण मेघाजी लोखंडे, जन्म 1848 चा, ठाण्यातला. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक, आणि स्वतः गिरणीत स्टोअरकीपरची नोकरी केलेले, त्यामुळे आतलं सगळं माहीत. सप्टेंबर 1884 मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साधारण साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारने नेमलेल्या फॅक्टरी कमिशनकडे दिलं. मागण्या आज वाचल्या तर अगदी साध्या वाटतात, रविवारी सुट्टी, दुपारी अर्धा तास जेवायला, काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढंच, पगार पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत, आणि कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. यातली पगाराच्या तारखेची मागणी आजही कित्येक कंत्राटदारांकडे करावी लागते ते सोडा.

निवेदन दिलं म्हणून लगेच काही झालं नाही, सहा वर्षं गेली. एप्रिल 1890 मध्ये मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली, तिथे दोन कामगार स्त्रियासुद्धा बोलल्या, आणि मग 10 जून 1890 ला गिरणी मालकांच्या संघटनेने रविवारची सुट्टी मान्य केली. रविवार हा खंडोबाचा वार म्हणून लोखंड्यांनी तो मागितला असंही सांगतात, पण निवेदनातल्या बाकीच्या मागण्या बघितल्या तर सरळ सरळ विश्रांतीचा मुद्दा होता. पुढच्याच वर्षी, 1891 च्या फॅक्टरी कायद्यात आठवड्याची सुट्टी आली. लोखंडे 1897 च्या प्लेगमध्ये, लोकांची सेवा करता करता गेले. 2005 मध्ये पोस्टाने त्यांचं तिकीट काढलं. ठाण्यात आज रविवारी तलावपाळीला गर्दी करणाऱ्या किती जणांना हे नाव माहीत असेल कोण जाणे.

मला वाटतं सगळा घोळ इथूनच आहे. सुट्टीचे दोन नळ पहिल्यापासून वेगळे आहेत. एक मागून, सभा घेऊन, सह्या करून मिळवलेला, आणि दुसरा राजपत्रातून येणारा. पहिल्या नळाचं पाणी हळूहळू आलं पण कारखान्यापर्यंत आलं. दुसऱ्याचं सरकारी ऑफिस आणि बँकेपर्यंत धो धो येतं आणि त्याच्या पुढे मालकाच्या मर्जीवर.

पहिल्याची पुढची गोष्ट पटकन सांगतो. दुकानं आणि ऑफिसांसाठी 1939 मध्ये मुंबई प्रांताने शॉप्स अँड एस्टॅब्लिशमेंट्स अ‍ॅक्ट केला, देशातला असा पहिलाच, आपण ज्याला अजून गुमास्ता म्हणतो तो. 1942 चा वीकली हॉलिडेज अ‍ॅक्ट आला. 1948 च्या फॅक्टरी अ‍ॅक्टने आठवड्याला 48 तास, एक दिवस सुट्टी, आणि दर 20 दिवसांमागे एक दिवस पगारी रजा दिली. सणांच्या सुट्ट्या मात्र त्या कायद्यात नव्हत्या, त्या कारखान्यात युनियन आणि मॅनेजमेंटच्या करारात ठरतात. 1962 मध्ये एमआयडीसी झाली, वागळे इस्टेट उभी राहिली, मग ठाणे-बेलापूर पट्टा भरला, आणि जिथे युनियन जोरात तिथे सणाच्या सुट्ट्या वाढल्या, जिथे नाही तिथे 26 जानेवारी आणि 15 ऑगस्टवर भागलं. वीजटंचाईच्या काळात तर एमआयडीसीत रविवारसुद्धा राहिला नाही, स्टॅगरिंगमुळे भागाभागाला वेगळा वार सुट्टीचा, त्यामुळे बायकोची सुट्टी रविवारी आणि नवऱ्याची आठवड्याच्या मधेच अशी कितीतरी घरं इकडे होती.

वाशीच्या मार्केटमधल्या माथाडींची वेगळी कथा. त्यांना एक मालक असा नसतोच, आज या गाळ्यावर उद्या त्या, मग पगारी सुट्टी देणार कोण? अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून 1969 चा माथाडी कायदा झाला, मालाच्या मजुरीवर लेव्ही, म्हणजे ठरावीक टक्के जादा रक्कम, घ्यायची, ती माथाडी बोर्डात जमा करायची, आणि त्यातून पीएफ, बोनस, पगारी सुट्टी. आज गिग वर्कर, डिलिव्हरीवाले यांना सुट्टी कशी देणार असं विचारणाऱ्यांनी वाशीला जाऊन एकदा बघून यावं, पन्नास वर्षांपूर्वी उत्तर काढलेलं आहे.

आता दुसरा नळ. स्वातंत्र्यानंतर राज्यांची यादी वाढत गेली, सण, जयंत्या, आणि एकदा यादीत आलेली सुट्टी काढायची हिंमत सहसा कुणी करत नाही. उत्तर प्रदेशात 2017 मध्ये जयंती-पुण्यतिथीच्या 15 सुट्ट्या एकदम रद्द केल्या, ते अपवाद. केंद्राच्या पाचव्या वेतन आयोगाने आणि नंतर 2008 मध्ये सहाव्यानेही सुचवलं होतं की फक्त तीन राष्ट्रीय सुट्ट्या ठेवा, सहाव्याने वर म्हटलं की ऐच्छिक सुट्ट्या दोनाच्या आठ करा, म्हणजे ज्याला जो सण तो त्याने घ्यावा. दोन्ही वेळा सरकारने ते बाजूला ठेवलं. मला स्वतःला ती ऐच्छिकची कल्पना फार शहाणपणाची वाटते, पण राजकारण्याला ऐच्छिक सुट्टीची घोषणा करून टाळ्या मिळत नाहीत.

टाळ्यांचंच बघा. ऑगस्ट 2022 मध्ये, तेव्हाचे मुख्यमंत्री एकनाथ शिंदे ठाण्याचे, दहीहंडीच्या सुट्टीची घोषणा झाली. टेंभी नाक्यावर आनंद दिघ्यांपासूनची हंडी असलेल्या गावात ती कुणाला आवडली नसेल? पण महापेच्या कंपनीत त्या दिवशी पंचिंग चालूच होतं. 22 जानेवारी 2024 ला राम मंदिराच्या प्राणप्रतिष्ठेची सुट्टी लागली, तिच्या विरोधात कायद्याच्या विद्यार्थ्यांनी याचिका केली, हायकोर्टाने रविवारी स्पेशल सुनावणी घेऊन ती फेटाळली. त्याआधी जानेवारी 2022 मध्ये दादरा नगर हवेलीच्या 2 ऑगस्टच्या मुक्तिदिनाची सुट्टी परत द्या अशी याचिका याच हायकोर्टात होती, तेव्हा कोर्टाने सांगितलं की सार्वजनिक सुट्टी हा काही मूलभूत हक्क नाही, आणि आता सुट्ट्या वाढवण्याऐवजी कमी करायची वेळ आली असावी. म्हणजे द्यायची की नाही हे पूर्ण सरकारच्या हातात, मागणाऱ्याला कोर्टात काही मिळत नाही.

ठाणेकरांचा तर आणखी एक स्पेशल त्रास आहे, मुलुंड चेकनाक्याचा, म्हणजे मुंबई-ठाणे हद्दीचा. मुख्य यादीशिवाय स्थानिक सुट्ट्या असतात, मुंबई शहर आणि उपनगरसाठी सरकार वेगळ्या काढतं, बाकी जिल्ह्यांत कलेक्टर. 6 डिसेंबरला महापरिनिर्वाण दिनाची सुट्टी मुंबईतल्या सरकारी ऑफिसांना लागते, चैत्यभूमीला जाणारे ठाण्या-कल्याणचे लोक मात्र रजा टाकतात. सप्टेंबर 2025 ला कहर झाला, ईदची सुट्टी 5 तारखेची होती, विसर्जन 6 ला असल्यामुळे जुलूस पुढे गेला म्हणून मुंबई आणि उपनगरात सुट्टी 8 ला सरकवली, बाकी जिल्ह्यांत 5 लाच. आता आई फोर्टच्या ऑफिसात आणि पोरगं ठाण्याच्या शाळेत अशा घरात दोन्ही दिवस पंचाईत. आणि वरून रेल्वे, तिचं बऱ्याच सणांना रविवारचं टाइमटेबल, म्हणजे सुट्टी नसलेल्यांनी त्या दिवशी कमी गाड्यांत जास्त कोंबून जायचं.

पाच दिवसांचा आठवडा हा याचाच चुलत भाऊ, त्याचा हिशोब नीट बघण्यासारखा आहे. केंद्राने 1985 मध्येच केला होता. महाराष्ट्रात फेब्रुवारी 2020 मध्ये निर्णय झाला, 29 फेब्रुवारीपासून लागू, ऑफिस पावणेदहा ते सव्वासहा. तेव्हा लोक म्हणाले बघा आता सरकारी लोकांची चैन. पण सरकारने मांडलेला हिशोब असा होता की आधी वर्षात 288 दिवस रोज सव्वासात तास म्हणजे 2088 तास भरत होते, नवीन पद्धतीत 264 दिवस आठ तास म्हणजे 2112, उलट 24 तास जास्त. कागदावर तरी. पोलीस, दवाखाने, फायर ब्रिगेड, शाळा यात नाहीतच. बँकांना दुसरा-चौथा शनिवार सप्टेंबर 2015 पासून आहे, उरलेल्या शनिवारांसाठी रोज 40 मिनिटं जास्त बसायला युनियनने मार्च 2024 मध्ये तयारी दाखवली.

खाजगीतल्यांसाठी खरा बदल कुठे झाला असेल तर तो 2017 च्या नवीन महाराष्ट्र शॉप अ‍ॅक्टमध्ये, डिसेंबर 2017 पासून लागू, आणि त्याची पीडीएफ कुणी फॉरवर्ड करत नाही. त्यात वर्षाला आठ पगारी सणाच्या सुट्ट्या, 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि बाकी चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू व्हायच्या आधी मिळून ठरवायच्या. शिवाय आठ सीएल, म्हणजे किरकोळ रजा. सुट्टीला बोलावलं तर डबल पगार आणि कॉम्प ऑफ, म्हणजे बदली सुट्टी. मिळून ठरवायच्या हे शब्द महत्त्वाचे, पण एचआरचा मेल येतो तेव्हा सगळं ठरूनच आलेलं असतं, आणि आपणही लाइक करून मोकळे होतो. कायदा मुळात दहा किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना होता. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळाने ती मर्यादा वीसवर न्यायचं आणि दुकान-ऑफिसात रोजचे नऊ तास दहा करायचं, कारखान्यात बारापर्यंत न्यायचं मंजूर केलं. आपण पंचविसाव्या सुट्टीवर भांडत होतो तेव्हा हे झालं.

राजपत्रातली सुट्टी खाजगीत पोचवता येतच नाही असंही नाही. मतदानाच्या दिवसाचं बघा, लोकप्रतिनिधित्व कायद्यात 1996 मध्ये 135 बी घातलं, कुठल्याही धंद्यात, कारखान्यात काम करणाऱ्या मतदाराला त्या दिवशी पगारी सुट्टी, रोजंदारीवाल्यालासुद्धा, आणि नाही दिली तर मालकाला दंड. दंड पाचशे रुपयांपर्यंतच, हसू येईल असा, पण 20 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेच्या मतदानाला रबाळे एमआयडीसीतल्या माणसालाही ती सुट्टी मागता येत होती. कारण ती यादीत नव्हे, कायद्यात लिहिलेली आहे. त्यामुळे ज्यांना खरंच सुट्ट्या वाढवून हव्यात त्यांनी मंत्रालयाच्या 24 वर जोर लावण्यापेक्षा शॉप अ‍ॅक्टच्या आठच्या दहा करा, त्यातल्या ऐच्छिक ठेवा आणि कंत्राटी माणसाला त्यात नाव घेऊन घाला अशी मागणी करावी, आणि सध्याच्या चार सणांसाठी डिसेंबर संपायच्या आत एचआरला लेखी विचारावं.