दुपटं घट्ट कुठे, सैल कुठे

बाळंतविडा न्यायला आलेल्या आज्यांची एक ठरलेली सूचना असते: "दुपटं लांब द्या हो, पाय चांगले बांधता यायला हवेत." दुपटं आम्ही लांबच देतो. पाय मात्र बांधू नका.

तान्ह्या बाळाच्या खुब्याची वाटी उथळ आणि मऊ असते. मांडीच्या हाडाचा गोळा तिच्यात नीट बसलेला असला, तरच ती हळूहळू खोल होते. पाय सरळ ताणून, जोडून गुंडाळले की गोळा वाटीबाहेर सरकू शकतो. जपानमध्ये १९७०च्या दशकात अशी बांधणी सोडायची मोहीम निघाली आणि खुबा निखळलेल्या बाळांचं प्रमाण तिथे खूप घटलं.

म्हणून हात हवे तर गुंडाळा, कमरेखाली दुपटं पिशवीसारखं सैल ठेवा. बाळाला बेडकासारखे पाय फाकता आले पाहिजेत. तेल लावताना पाय ओढून सरळ करू नयेत, हे न्हाऊ घालणाऱ्या मावशींनाही सांगा. (सांगणं अवघड असतं, ठाऊक आहे.) मान धरल्यावर कडेवर घ्यायची आपली पद्धत मात्र खुब्यांना मानवणारी.

लंगोट बदलताना एक मांडी दुसरीइतकी बाहेर पडत नाही, किंवा गुडघे दुमडल्यावर एक खाली दिसतो? डॉक्टरांना दाखवा. मांडीवरच्या वळ्या कमी-जास्त असणं निरोगी बाळातही आढळतं. खुब्याचा हा दोष तान्हेपणी दुखत नाही, त्यामुळे कित्येकदा मूल लंगडत चालू लागल्यावरच कळतो. मुलींमध्ये तो जास्त. घरात कुणाला असेल किंवा बाळ पायाळू असेल (सिझेरियन झालं तरीही), तर साधारण सहाव्या आठवड्यात खुब्यांची सोनोग्राफी करून घ्या. पायाळू माणसाला जमिनीखालचं पाणी कळतं म्हणतात, त्याचं नंतर बघू.

सहा महिन्यांच्या आत निदान झालं तर बहुधा पाव्हलिक हार्नेस लावतात. अर्नोल्ड पाव्हलिक या चेक डॉक्टरांनी तयार केलेले हे मऊ पट्टे पाय दुमडून फाकलेले ठेवतात. काही आठवडे, बहुतेकदा दिवसरात्र. पट्टे घरी सैल-घट्ट करू नका. पट्टे लावल्यावर बाळ एखाद्या पायाने लाथ मारेनासं झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. उशीर झाला तर भूल देऊन सांधा बसवणं, प्लास्टर, कधी शस्त्रक्रिया. दोन-दोन लंगोट घालून हे बरं होत नाही. आमचे लंगोट जास्त खपतील, एवढंच.

पट्ट्यांच्या आत घालायला पुढून उघडणारी पातळ सुती झबली आम्ही शिवून देतो. मापाला बाळ आणू नका, जुनं झबलं आणा.