आतड्याच्या ऑपरेशनआधीचा जुलाब आणि मागे पडलेल्या गोळ्या

मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनसाठी अक्कलकोट, मोहोळ, मंगळवेढ्याहून आणि सीमेपलीकडच्या विजयपूर, कलबुर्गीहूनही माणसं सोलापुरात येतात. आदल्या दिवशी भाकरी आणि शेंगाचटणी बंद होते, पातळ खाणं सुरू होतं. बऱ्याच ठिकाणी जुलाबाचं औषध देतात. त्यासोबत अँटिबायोटिकच्या गोळ्या मात्र सगळीकडे देत नाहीत. माझ्या मते चर्चा व्हायला हवी ती या गोळ्यांचीच.

एक ग्रॅम विष्ठेत सुमारे दहा हजार कोटी जिवाणू असतात. आतडं कापून जोडताना त्यातले थोडे जरी बाहेर आले तरी टाके पिकतात, पोटात पू होतो. म्हणून जुन्या सर्जनांनी आतडं रिकामं करण्यावर भर दिला. एरंडेल, एनिमा, कित्येक दिवस नुसतं पातळ अन्न! पेशंट ऑपरेशनआधीच गळून जायचा, आणि एवढं करूनही आतड्याच्या अस्तराला चिकटलेले जिवाणू राहायचेच.

१९४० च्या दशकात अमेरिकेतले सर्जन एडगर पॉथ यांनी रक्तात फारशी न शोषली जाणारी, आतड्यातच काम करणारी सल्फा औषधं वापरली. पुढे निओमायसिन आलं. पण ऑक्सिजनशिवाय वाढणाऱ्या जिवाणूंवर ते चालत नाही, आणि मोठ्या आतड्यात संख्या त्यांचीच जास्त. १९७३ मध्ये निकोल्स आणि कॉन्डन यांनी निओमायसिनला एरिथ्रोमायसिनची जोड दिली: आदल्या दिवशी तीन वेळा, प्रत्येकी एक ग्रॅम. १९७७ चा अभ्यास तर मुळातून वाचावा असा आहे. जुलाब सगळ्यांनाच दिला होता, गोळ्या फक्त एका गटाला. गोळ्या न मिळालेल्यांत जंतुसंसर्गाचं प्रमाण ४३ टक्के, मिळालेल्यांत ९ टक्के.

पुढे भुलीच्या वेळी शिरेतून अँटिबायोटिक देण्याची पद्धत रुळली. गोळ्यांनी मळमळतं, पोटात कळा येतात, म्हणून अनेकांनी त्या सोडल्या. जुलाब तेवढा राहिला. मग २००० नंतरच्या अभ्यासांत नुसत्या जुलाबाचा फायदा दिसेना, तेव्हा तोही नको असं म्हणणारे वाढले. त्यातल्या बहुतेक अभ्यासांत गोळ्या नव्हत्याच, हे फार थोड्यांनी लक्षात घेतलं.

२०१६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलं की नुसता जुलाब देऊ नका, द्यायचाच तर गोळ्यांसह द्या. वाद तिथे संपला नाही. २०१९ च्या फिनलंडमधल्या अभ्यासात दोन्ही मिळूनही ठोस फरक दिसला नाही. २०२० मध्ये स्पेनमध्ये मात्र जुलाबाविना, फक्त गोळ्यांनी प्रमाण ११ वरून ५ टक्क्यांवर आलं.

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. अशा दिवसांत वयस्कर पेशंटला जुलाब दिला तर पाणी आणि क्षार भरून काढणं फार महत्त्वाचं. आतड्याला अडथळा असेल, तर जुलाब देतच नाहीत. आतडं फुटण्याची भीती असते. म्हणून पोट फुगलंय, उलट्या होतायत, वारा सरत नाहीये, हे नातेवाइकांनी औषध घेण्याआधीच डॉक्टरांना सांगायला हवं.