शोधाधारित जीवशास्त्र अध्यापन

जीवशास्त्रातील निष्कर्ष आधी सांगून नंतर तो पडताळून दाखवण्याऐवजी, विद्यार्थ्यांनी स्वतः प्रश्न मांडावा, प्रयोग आखावा आणि हाती आलेल्या पुराव्यावरून निष्कर्ष काढावा, अशी रचना असलेली ही माध्यमिक शाळांतील अध्यापनपद्धती आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा पाहून जर्नलमध्ये पुस्तकातलीच आकृती उतरवली, तर प्रात्यक्षिक पार पडते. शोध मात्र घडत नाही.

या पद्धतीचा मोठ्या प्रमाणावर पुरस्कार प्रथम अमेरिकेत झाला. सोव्हिएत संघाच्या स्पुटनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाच्या उड्डाणानंतर (१९५७) तेथे शालेय विज्ञानाच्या फेररचनेला वेग आला आणि १९५८ मध्ये कोलोरॅडो राज्यात ‘बायॉलॉजिकल सायन्सेस करिक्युलम स्टडी’ हा प्रकल्प सुरू झाला. शिक्षणतज्ज्ञ जोसेफ श्वाब यांनी त्यातील शिक्षकांसाठी शोधाची छोटी निमंत्रणे, म्हणजे वर्गात चर्चेला घ्यायचे छोटे प्रश्न, रचली. त्यांपैकी एक आजही कोणत्याही वर्गात जसेच्या तसे वापरता येते. ओल्या टीपकागदावर मक्याचे दाणे ठेवलेल्या दोन बशा, एक अंधारात व दुसरी उजेडात, सारख्याच तापमानात ठेवल्या. चार दिवसांनी दोन्हींतील सर्व दाणे रुजले. यावरून काय म्हणता येईल? उगवणीला ओलावा लागतो, असे उत्तर हमखास येते. ते खरे असले तरी या प्रयोगातून निघत नाही, कारण ओलावा दोन्हीकडे सारखाच होता; वेगळा होता तो फक्त प्रकाश. माहीत असलेली गोष्ट आणि पुराव्याने दाखवलेली गोष्ट यांतला हा फरक कळणे, हे या पद्धतीचे खरे मर्म मानावे लागेल.

भारतात याच विचाराचा महत्त्वाचा प्रयोग मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाने सहावी ते आठवीच्या वर्गांत १९७२ पासून केला. तो २००२ मध्ये राज्य शासनाने बंद केला.

पद्धत अवलंबण्यासाठी महागडी प्रयोगशाळा लागतेच असे नाही. परासरणाच्या, म्हणजे पेशीच्या पटलातून पाणी कमी तीव्रतेच्या द्रावणाकडून जास्त तीव्रतेच्या द्रावणाकडे जाण्याच्या, नेहमीच्या प्रात्यक्षिकात बटाट्याचे काप मिठाच्या पाण्यात किती आक्रसतात एवढेच पाहिले जाते. त्याऐवजी कापाचे वजन मुळीच बदलणार नाही असे द्रावण शोधायला सांगितले, तर द्रावणे किती तीव्रतेची घ्यावीत, काप एकाच बटाट्याचे असावेत का, वजन करण्यापूर्वी ते टिपून घ्यावेत का, हे सारे विद्यार्थ्यांनाच ठरवावे लागते. गटागटांची उत्तरे जुळत नाहीत, तेव्हा शिक्षकाने बरोबर आकडा सांगून टाकू नये. प्रत्येक गटाने काय केले ते फळ्यावर मांडून तफावतीचे कारण वर्गालाच शोधू द्यावे.