पावसाळ्यात लायपो पॅक घरी ठेवताना

जूनच्या मध्यावर नागपुरातली मैदाने चिखलाने भरतात आणि रिमोटवर चालणारी विमाने, क्वाड (चार पंख्यांचे ड्रोन), रेसिंगच्या गाड्या माळ्यावर जातात. ऑक्टोबरात त्या खाली उतरतात आणि आठवडाभरात आमच्या दुकानाच्या काउंटरवर त्यांचे फुगलेले लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी पॅक यायला लागतात. ‘चार महिने हातसुद्धा लावला नाही हो,’ असे ग्राहक सांगतात, आणि ते खरेच असते. मैदानात आपटून बाद झालेले पॅक आमच्याकडे कमी येतात. कपाटात नुसते पडून गेलेलेच जास्त. म्हणून प्रत्येक पॅकसोबत हा कागद देतो. पॅक वापरायला काढण्यापूर्वी एकदा वाचा.

फुल चार्ज करून ठेवू नका

लायपोचा एक सेल पूर्ण भरला की ४.२ व्होल्ट दाखवतो. मोबाइलच्या सवयीने आपल्याला वाटते, भरून ठेवलेला बरा, कधीही उपयोगी पडेल. पण भरलेल्या सेलच्या आतले इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होत राहते, त्यातून वायू तयार होतो आणि पिशवीसारखे मऊ आवरण फुगते. खोली जितकी गरम तितके हे लवकर घडते. अगदी रिकामा ठेवणेही तितकेच वाईट. पडून राहिलेला सेल थोडा थोडा उतरतच असतो. तो ३ व्होल्टच्या बराच खाली गेला की आतला तांब्याचा पातळ पत्रा विरघळायला लागतो, आणि असा सेल पुन्हा चार्ज केला तर ते तांबे नको तिथे साचून आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो.

म्हणून मधली पातळी ठेवायची : दर सेलला ३.८ ते ३.८५ व्होल्ट. म्हणजे ३एस (एकापुढे एक जोडलेल्या तीन सेलचा) पॅक ११.४ ते ११.५५, ४एस १५.२ ते १५.४ आणि ६एस २२.८ ते २३.१ व्होल्टवर. बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणाऱ्या चार्जरवर) ‘स्टोरेज’ मोड असतो तो याचसाठी. मुख्य वायर आणि बॅलन्स लीड (प्रत्येक सेलपर्यंत जाणाऱ्या बारीक तारांचा जोड) दोन्ही जोडा, सेलची संख्या बरोबर निवडा आणि मोड सुरू करा.

एक अडचण आधीच सांगतो. लहान चार्जर पॅक उतरवायला फार वेळ घेतात. बरेचसे ५ वॅटच्या आसपासच खेचतात, त्यामुळे ३एस २२०० एमएएचचा भरलेला पॅक स्टोरेजला यायला अडीच-तीन तास सहज लागतात. चार पॅक असतील तर रविवार गेला. यावर आमचा उपाय साधा आहे : आदल्या रात्री सगळे पॅक भरू नका. सकाळी जितके उडवायचे तितकेच भरा. ढग आले आणि बेत रद्द झाला, तर भरलेले पॅक त्याच संध्याकाळी स्टोरेजला आणा. ‘पुढच्या रविवारी उडवूच’ म्हणून ठेवलेला पॅक दिवाळीत सापडतो.

स्विच बंद म्हणजे पॅक सुटा नव्हे

हे आम्ही स्वतःच्या पॅकवर शिकलो. विमानाचा स्विच बंद केला, पॅक आत तसाच जोडलेला राहिला. तीन आठवड्यांनी ३एस पॅक मीटरवर ४ व्होल्टसुद्धा दाखवेना. बऱ्याच ईएससींचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटांचा) स्विच रिसीव्हरचा पुरवठा तोडतो, पण ईएससी स्वतः थोडा थोडा करंट खातच राहतो. पॅकचा एक्सटी-६० कनेक्टर हाताने ओढून सुटा करा. बॅलन्स लीडला लावलेला व्होल्टेजचा बझरही काढा. तो सगळ्या सेलमधून सारखा करंट घेत नाही, त्यामुळे पॅक उतरतो आणि सेलही एकमेकांच्या मागेपुढे होतात.

कुठे ठेवायचे

मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीची डिकी ही सर्वांत वाईट जागा. स्लॅबखालची तापलेली खोली आणि माळा तिच्या खालोखाल. विमान माळ्यावर जाऊ द्या, पॅक नको. घरातल्या थंड, कोरड्या खोलीत फरशीवर ठेवा. गाद्या, पडदे, सिलिंडर जवळ नकोत आणि बाहेर पडायच्या दाराच्या वाटेवरही नको. ज्या खोलीत कोणी झोपते ती खोली तर नकोच.

घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात पॅक ठेवू नका. सेल पेटला तर वायूला वाट मिळत नाही आणि डबाच फुटतो. तळाशी वाळू घातलेली मातीची कुंडी आणि वर सैल ठेवलेली कौलाची फरशी, ही आमच्या दुकानातली व्यवस्था आहे. बाजारातल्या लायपो बॅगने ज्वाळा थोड्या अडतात, धूर अडत नाही. तेव्हा बॅग असली तरी जागा नीट निवडा. प्रत्येक कनेक्टरवर टोपी किंवा टेप लावा, म्हणजे दोन टोके एकमेकांना टेकणार नाहीत. फ्रिजमध्ये ठेवायचा सल्ला आम्ही देत नाही. बाहेर काढल्यावर पॅकवर आणि कनेक्टरवर दव धरते.

पॅकवर कागदी टेप चिकटवून तारीख आणि व्होल्ट लिहा. दीड-दोन महिन्यांनी सेल-चेकर लावून आकडे पडताळा. एखादा सेल बाकीच्यांपेक्षा ०.१ व्होल्टहून मागे पडला असेल तर तो पॅक आमच्याकडे दाखवायला आणा.

फुगलेला पॅक

अंगठ्याने अलगद दाबून पाहा. चांगला पॅक सपाट आणि घट्ट लागतो. फुगलेला उशीसारखा दबतो आणि वरचे प्लास्टिक ताणलेले दिसते. असा पॅक चार्ज करू नका, टोचून हवा तर मुळीच काढू नका. मेलेला पॅक चार्जरच्या एनआयएमएच मोडवर (तो निकेलच्या वेगळ्या बॅटऱ्यांसाठी असतो) ‘उठवायची’ युक्ती काही जण सांगतात. कृपा करून ती करू नका. तो उठतो, आणि पुढे भरताना पेट घेऊ शकतो.

३एस पॅक बाद करायचा असेल तर गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब जोडून मोकळ्या अंगणात, फरशीवर, बल्ब विझेपर्यंत उतरू द्या. बल्ब चांगलाच तापतो, हात लावू नका. ४एस आणि त्यावरचे पॅक आमच्याकडे आणा, आम्ही उतरवून देतो. मिठाच्या पाण्यात बुडवायचा उपाय भरवशाचा नाही. टोके आधी गंजून तुटतात आणि सेल भरलेलाच राहतो. घंटागाडीत टाकू नका. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे बॅटरी घरच्या कचऱ्यापासून वेगळी द्यायची असते. टोकांना टेप लावून आमच्या दुकानात आणून द्या, पॅक कोणत्याही दुकानातून घेतलेला असो.

पॅक धुमसायला लागला तर घरातल्या सगळ्यांना बाहेर काढा आणि १०१ला फोन करा. तो धूर विषारी असतो, पॅक वाचवायला आत जाऊ नका. आपटलेला पॅकही लगेच गाडीत ठेवू नका. निदान तासभर मोकळ्या जागी नजरेसमोर राहू द्या, आग उशिराही लागू शकते.

ऑक्टोबरातला पहिला चार्ज

आधी पॅक चहूबाजूंनी पाहा, मग सेलचे व्होल्ट मोजा. टेपवर लिहिलेल्या आकड्याजवळ असतील तर बॅलन्स मोडवर, नेहमीच्या निम्म्या करंटने लावा. २२०० एमएएचच्या पॅकला १.१ अँपिअर पुरे. पॅक फरशीवर ठेवा आणि चार्ज संपेपर्यंत त्याच खोलीत बसा. मध्येच हाताला गरम लागला तर चार्जर थांबवून पॅक बाहेर नेऊन ठेवा, आणि थंड झाल्यावर आमच्याकडे घेऊन या.